वाढलेली विक्री सात महिन्यांत कुठे गेली? ‘कॅश फॉर क्लंकर्स’चं प्रकरण

2009च्या उन्हाळ्यात अमेरिकी सरकारने एक योजना आणली. जुनी, ढसाढसा पेट्रोल पिणारी गाडी मोडीत द्या, नवी घ्या, आणि नव्या गाडीच्या किमतीत 3,500 किंवा 4,500 डॉलरची सूट मिळवा. सूट डीलर देणार आणि सरकार त्याची भरपाई करणार. सरकारी नाव ‘कार अलाउन्स रिबेट सिस्टिम’, पण सगळे तिला ‘कॅश फॉर क्लंकर्स’ म्हणत. खटारा द्या, रोकडा घ्या. योजना जेमतेम दोन महिने चालली. 6,77,842 गाड्या बदलल्या गेल्या आणि सुमारे 285 कोटी डॉलर वाटले गेले.

सरकारी खर्चाने अर्थव्यवस्थेला चालना मिळते की नाही, हा वाद सहसा सुटत नाही. कारण खर्च इतका मोठा आणि इतक्या दिशांना पसरलेला असतो, की तो झाला नसता तर काय झालं असतं हे दाखवायला तुलनेसाठी काही उरतच नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मंजूर झालेलं 78,700 कोटी डॉलरचं पॅकेज घ्या. जानेवारी 2009मध्ये बराक ओबामांचे आर्थिक सल्लागार क्रिस्टीना रोमर आणि जॅरेड बर्नस्टीन यांनी मांडलेल्या अंदाजानुसार पॅकेज आल्यास बेरोजगारी 8 टक्क्यांच्या आत राहणार होती. ऑक्टोबरात ती 10 टक्क्यांवर गेली. टीकाकार म्हणाले, पॅकेज फसलं. समर्थक म्हणाले, मंदीच अंदाजापेक्षा खोल निघाली, पॅकेज नसतं तर आणखी वाईट झालं असतं. दोघांकडेही दुसरी, पॅकेज नसलेली अमेरिका नव्हती.

क्लंकर्सचं तसं नाही. या योजनेला सुरुवातीची तारीख आहे, शेवटची तारीख आहे, कोण पात्र आणि कोण अपात्र याची कडक रेषा आहे, आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद आहे. त्यामुळे इथे दोन प्रश्न नेमके विचारता येतात. सरकारने पैसे दिले नसते तर यातल्या किती गाड्या तरीही विकल्या गेल्या असत्या? आणि हिशेबाची वही कोणत्या महिन्यात मिटायची? यशाचे जवळपास सगळे दावे दुसऱ्या प्रश्नावर उभे आहेत, असं आमचं मत आहे.

मूळ कल्पना आणि कायद्यात उतरलेली कल्पना

अमेरिकेत 2007 साली सुमारे 1 कोटी 61 लाख नव्या हलक्या गाड्या विकल्या गेल्या होत्या. 2008मध्ये हा आकडा 1 कोटी 32 लाखांवर आला आणि 2009च्या पहिल्या सहामाहीत वार्षिक वेग (तोच वेग वर्षभर टिकला तर होणारी विक्री) एक कोटीच्याही खाली गेला. क्रायस्लरने 30 एप्रिलला दिवाळखोरीचा अर्ज केला, जनरल मोटर्सने 1 जूनला. कारखाने बंद होते आणि डीलरांच्या अंगणात न विकलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या.

जुन्या गाड्या विकत घेऊन मोडीत काढायची कल्पना अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन ब्लाइंडर यांनी जुलै 2008मध्ये वर्तमानपत्रातल्या लेखातून लोकप्रिय केली. त्यांचा आराखडा वेगळा होता. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांकडून सर्वांत जुन्या, सर्वांत धूर ओकणाऱ्या गाड्या बाजारभावापेक्षा थोड्या चढ्या दराने घ्यायच्या, म्हणजे प्रदूषण घटेल, गरिबाच्या हातात पैसा जाईल आणि तो खर्चही होईल. एका दगडात तीन पक्षी.

काँग्रेसमधून, म्हणजे अमेरिकी संसदेतून, बाहेर पडेपर्यंत यातला गरीब गळाला होता. कायद्याने अट घातली की खटारा देणाऱ्याने नवी कोरी गाडीच घेतली पाहिजे, किंवा किमान पाच वर्षांच्या भाडेकरारावर घेतली पाहिजे. सेकंडहँड चालणार नाही. जुनी गाडी मागचं सलग एक वर्ष त्याच मालकाच्या नावावर नोंदलेली आणि विमा उतरवलेली हवी. पंधरा वर्षांची गाडी जेमतेम चालवणाऱ्याकडे नव्या गाडीचं कर्ज मिळवण्याइतकी पत सहसा नसते. म्हणजे मदत आपोआप अशा घरांकडे वळली, ज्यांना आज ना उद्या नवी गाडी घ्यायचीच होती आणि घेणं परवडतही होतं. पुढच्या सगळ्या गडबडीचं मूळ या एका अटीत आहे.

बाकी अटी अशा. जुनी गाडी 25 वर्षांच्या आतली, चालू स्थितीतली आणि सरकारी मोजणीनुसार गॅलनला 18 मैल किंवा त्याहून कमी, म्हणजे लीटरला साधारण साडेसात किलोमीटर किंवा त्याखाली देणारी. नव्या गाडीची किंमत 45,000 डॉलरपर्यंत आणि कार असेल तर मायलेज किमान 22 मैल. मायलेजमधला फरक 4 ते 9 मैल असेल तर 3,500 डॉलर, 10 किंवा त्याहून जास्त असेल तर 4,500. एसयूव्ही, पिकअप अशा ट्रक गटातल्या गाड्यांसाठी निकष बरेच सैल होते. तिथे 2 मैलांच्या फरकालाही 3,500 डॉलर मिळत आणि 5 मैलांच्या फरकाला पूर्ण 4,500.

डीलरच्या टेबलावर

कायद्यावर 24 जूनला सही झाली. 1 जुलैपासूनचे व्यवहार पात्र ठरणार होते, पण सविस्तर नियम 24 जुलैला निघाले. इथेच पहिली चूक झाली. सूट येणार हे जाहीर करून ती महिनाभर लांबवली, की त्या महिन्यात गाडी घेऊ पाहणारा माणूस थांबतो. नंतर सूट सुरू होताच हे थांबलेले सगळे एकदम येतात, आणि त्यांचा समावेश ‘योजनेमुळे वाढलेल्या’ विक्रीत होतो. मग योजनेसाठी ठेवलेले 100 कोटी डॉलर आठवडाभरात संपत आले. या रकमेतून अडीच लाख व्यवहार होतील आणि ती 1 नोव्हेंबरपर्यंत पुरेल, असं गृहीत होतं. काँग्रेसने घाईघाईने आणखी 200 कोटी दिले आणि 7 ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही झाली. हे 200 कोटी नवे नव्हते. फेब्रुवारीच्या पॅकेजमध्ये अपारंपरिक ऊर्जा प्रकल्पांच्या कर्जहमीसाठी ठेवलेली रक्कम इकडे वळवली होती. एका चालना-खर्चाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात. ‘एकूण किती ओतलं’ याची बेरीज करताना हे हमखास विसरलं जातं.

आता एक व्यवहार जवळून पाहू. ग्राहक जुनी फोर्ड एक्सप्लोरर घेऊन येतो (मोडीत निघालेल्या गाड्यांत हीच सर्वाधिक होती). डीलर मालकीचा कागद, वर्षभराची नोंदणी आणि वर्षभराचा विमा तपासतो. गाडीची अंदाजे भंगार किंमत ग्राहकाला सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यातले 50 डॉलर तो खर्चापोटी ठेवू शकतो. मालकीच्या कागदावर ही मोडीची गाडी असल्याचा शेरा मारायचा, सगळे कागद स्कॅन करून सरकारी संकेतस्थळावर चढवायचे आणि वाट पाहायची. सूट मात्र ग्राहकाला त्याच दिवशी द्यायची.

मग इंजिन मारायचं. त्याची पद्धत नियमातच लिहिलेली होती. इंजिनातलं ऑइल पूर्ण काढायचं. त्याजागी सोडियम सिलिकेटचं 40 टक्के द्रावण, साधारण दोन लीटर, ओतायचं. इंजिन सुरू करून मिनिटाला 2,000 फेऱ्यांवर ठेवायचं. उष्णतेने द्रावणातलं पाणी उडून जातं, मागे राहिलेलं सिलिकेट बेअरिंगवर काचेसारखं चिकटतं आणि काही मिनिटांत इंजिन जाम होतं. तासभर थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा चालू करून बघायचं. चालू झालंच तर तीच क्रिया पुन्हा. शेवटी इंजिनावर त्याला आतून कायमची इजा झाल्याचं लेबल लावायचं आणि गाडी मान्यताप्राप्त भंगारवाल्याकडे पाठवायची. त्याने ती 180 दिवसांत चेपून किंवा तुकडे करून संपवायची. दरवाजे, सीट, चाकं विकायला परवानगी होती. भंगाराच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसे ज्याचे येतात, ते इंजिन मात्र गेलं.

या पायरीत डीलरची कोंडी होती. इंजिन मारलं आणि नंतर कागदात खोट निघून दावा फेटाळला गेला, तर सूट त्याच्या बोकांडी आणि हातात मेलेली गाडी. सरकारी संकेतस्थळ सुरुवातीला वारंवार कोसळत होतं, तपासणीला माणसं अपुरी होती आणि किरकोळ त्रुटींवर अर्ज परत येत होते. एखाद्या मध्यम डीलरने पन्नास व्यवहार केले असतील तर त्याचे दोन लाख डॉलर अडकले. ज्याचं गाड्यांच्या साठ्यावरच कर्ज चालू आहे, त्याला हे झेपत नाही. अनेक डीलरांनी ऑगस्टच्या मध्यावरच योजनेतून अंग काढून घेतलं. जनरल मोटर्सने आपल्या डीलरांना उचल देऊ केली. रोकड ओतण्यासाठी आणलेली योजना काही आठवडे डीलरांकडूनच उसने पैसे घेऊन चालत होती. 24 ऑगस्टला रात्री 8 वाजता ती बंद झाली.

दावा

बंद झाल्यावर दोन दिवसांत परिवहन खात्याने निकाल जाहीर केला. अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाच्या अंदाजानुसार तिसऱ्या तिमाहीच्या विकासदरात 0.3 ते 0.4 टक्के बिंदूंची भर पडणार होती आणि वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत 42,000 रोजगार ‘निर्माण होणार किंवा वाचणार’ होते. मोडीत गेलेल्या गाड्यांचं सरासरी मायलेज 15.8 मैल होतं आणि नव्यांचं 24.9. ऑगस्टमध्ये विक्रीचा वार्षिक वेग 1 कोटी 41 लाखांवर पोचला होता, तर जुलैत तो 1 कोटी 12 लाख होता.

सप्टेंबरमध्ये तो 92 लाखांवर पडला.

‘निर्माण होणार किंवा वाचणार’ हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. निर्माण झालेला रोजगार मोजता येतो, वाचलेला फक्त गृहीतकातून काढता येतो.

दावा तपासायचा तर आधी राष्ट्रीय उत्पन्नाचा जमाखर्च समजून घ्यावा लागतो, कारण इथे बरेच जण फसतात. जीडीपी विक्री मोजत नाही, उत्पादन मोजतो. डीलरच्या अंगणात मार्चपासून उभी असलेली गाडी ऑगस्टमध्ये विकली गेली, तर ग्राहकाचा खर्च वाढतो आणि साठा तेवढाच घटतो. एक अधिक, एक उणे. जीडीपीत डीलरच्या कामापलीकडे काही भर पडत नाही. गाडी परदेशात बनलेली असेल तर तीही वजाबाकीत जाते. भर पडते ती रिकामा झालेला साठा भरायला कारखान्याने नवी पाळी लावली तरच. अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम कोपलँड आणि जेम्स कान यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांना आढळलं, की विक्रीतल्या उसळीचा मोठा भाग साठ्यानेच पचवला, उत्पादनावरचा परिणाम किरकोळ होता आणि 2010च्या जानेवारीपर्यंत विक्रीतली एकूण वाढही जवळजवळ शून्यावर आली होती.

तिसऱ्या तिमाहीचा पहिला सरकारी अंदाज 3.5 टक्के वाढीचा आला आणि त्यातले 1.66 टक्के बिंदू एकट्या मोटारगाड्यांच्या उत्पादनाचे होते. लगेच त्याचं श्रेय क्लंकर्सला दिलं गेलं. पुढच्या दोन सुधारणांत तो अंदाज 2.8 आणि मग 2.2 झाला. तोवर मथळे छापून झाले होते.

नसती तर?

ऑक्टोबर 2009मध्ये एडमंड्स या गाड्यांची माहिती देणाऱ्या कंपनीने हिशेब मांडला, की विकल्या गेलेल्या, तेव्हाच्या मोजणीनुसार सुमारे 6,90,000 गाड्यांपैकी खऱ्या अर्थाने जादा फक्त 1,25,000 होत्या. बाकीच्या तरीही विकल्या गेल्याच असत्या. म्हणजे एका जादा गाडीमागे करदात्याचे 24,000 डॉलर गेले. व्हाइट हाउसच्या ब्लॉगने चिडून उत्तर दिलं, की एडमंड्स मंगळावरच्या गाड्यांची विक्री मोजतंय. उत्तर झणझणीत होतं, पण एडमंड्सने विचारलेला प्रश्न बरोबर होता. पद्धत कच्ची होती. पक्की पद्धत नंतरच्या संशोधकांनी वापरली, आणि ती तीन वेगवेगळ्या वाटांनी.

आतिफ मियाँ आणि अमीर सूफी यांनी शहरांची तुलना केली. 2008च्या उन्हाळ्यात कोणत्या शहरात पात्र खटारे जास्त होते आणि कुठे कमी, हे त्यांनी काढलं. योजना सगळ्यांना सारखीच लागू, पण तिचा उपयोग खटारे जास्त असलेल्या शहरांत जास्त. दोन्ही गटांतल्या विक्रीतला फरक म्हणजे योजनेचा परिणाम. जुलै-ऑगस्टमध्ये जादा विक्री सुमारे 3,70,000. मार्च 2010पर्यंत ती जवळजवळ सगळी उलटली, कारण जास्त खटारे असलेल्या शहरांत पुढचे सात महिने विक्री नेहमीपेक्षा कमी राहिली. त्या शहरांच्या रोजगारात किंवा घरांच्या किमतीत काही फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही.

शांजुन ली, जोशुआ लिन आणि एलिशेबा स्पिलर यांनी कॅनडाची बाजारपेठ तुलनेला घेतली. जादा विक्री पुन्हा 3,70,000च्या आसपास निघाली. त्यांच्या मते सुमारे 45 टक्के पैसा अशांना गेला जे त्या दोन महिन्यांत तरीही नवी गाडी घेणारच होते.

तिसरी वाट सर्वांत चोख आहे. मार्क होकस्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट यांनी टेक्सासच्या नोंदी घेतल्या आणि पात्रतेच्या रेषेच्या अगदी अल्याडपल्याडची घरं पाहिली. एकाकडे 18 मैलांची गाडी, तो पात्र. दुसऱ्याकडे 19 मैलांची, तो अपात्र. एका मैलाने या दोन घरांत दुसरा काही मोठा फरक असण्याचं कारण नाही, त्यामुळे अपात्र घर म्हणजे ‘योजना नसती तर’ याचं जितंजागतं उत्तर. त्यांचा निष्कर्ष असा, की जवळपास 60 टक्के पैसा तरीही त्याच दोन महिन्यांत गाडी घेणाऱ्यांना गेला, आणि उरलेल्यांनी आपली खरेदी फार तर आठ महिन्यांनी अलीकडे ओढली.

आता भागाकार करा. वाटलेले 285 कोटी भागिले सगळ्या गाड्या, तर एका गाडीमागे 4,200 डॉलर. हाच सरकारी आकडा. 3,70,000 जादा गाड्या धरल्या तर एकीमागे 7,700. टेक्सासच्या निष्कर्षाप्रमाणे 40 टक्केच जादा धरल्या तर 10,500. आणि वही मार्च 2010मध्ये मिटली तर जादा गाड्या जवळजवळ शून्य, म्हणजे भागाकारच होत नाही. ऑगस्टला मिटली तर यश, मार्चला मिटली तर हा निकाल. पैसे मात्र दोन्हीकडे तेवढेच.

मुंबईकरांना हा प्रकार अनोळखी नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2020पासून मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्के केलं, डिसेंबरअखेरपर्यंत. मग मार्चअखेरपर्यंत 3 टक्के. डिसेंबर 2020मध्ये मुंबईत 19,500च्या वर घरांची नोंदणी झाली आणि जानेवारीत हा आकडा साधारण 10,400वर आला. तिथे कोविडनंतर साठलेली मागणी होती आणि शुल्क आधी भरून नोंदणी चार महिन्यांत करायची मुभाही होती, म्हणून तो हिशेब इतका स्वच्छ नाही. पण एकट्या डिसेंबरचा आकडा दाखवून ‘घरबाजार उसळला’ म्हणणं आणि एकट्या ऑगस्टचा दाखवून ‘मोटार उद्योग उभा राहिला’ म्हणणं, ही एकाच जातीची चलाखी आहे.

खर्च वाढवायला आणलेल्या योजनेने खर्च घटवला

टेक्सासच्या अभ्यासातला सर्वांत विचित्र निष्कर्ष वेगळाच आहे, आणि वर्तमानपत्रांनी तो फारसा उचलला नाही. योजनेला दोन मालक होते. वाहन उद्योगाला पैसा हवा होता आणि पर्यावरणवाल्यांना मायलेज. दोन्ही एकाच सवलतीत कोंबलं. पण जास्त मायलेजची गाडी सहसा छोटी असते आणि छोटी गाडी स्वस्त असते. मोडीत निघालेल्यांपैकी 84 टक्के गाड्या ट्रक गटातल्या होत्या, म्हणजे एसयूव्ही, पिकअप, व्हॅन. नव्यांपैकी 59 टक्के साध्या कार होत्या. सर्वाधिक खपलेली नवी गाडी टोयोटा कोरोला, दुसरी होंडा सिव्हिक. जो माणूस चार-सहा महिन्यांनी मोठी गाडी घेणार होता, त्याने 4,500 डॉलरच्या लोभाने ऑगस्टमध्ये छोटी घेतली. दहा महिन्यांची बेरीज केली तर नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च योजनेमुळे वाढला नाही, उलट अब्जावधी डॉलरनी घटला. उद्योगाला वाचवायला आणलेल्या पैशाने उद्योगाची कमाई कमी केली.

अमेरिकी कारखान्यांचा विचार केला तर आणखी एक वळसा आहे. योजनेतल्या विक्रीत टोयोटाचा वाटा 19.4 टक्के होता, दिवाळखोरीतून नुकत्याच बाहेर आलेल्या जनरल मोटर्सचा 17.6 आणि फोर्डचा 14.4. टोयोटा, होंडा अमेरिकेतही गाड्या बनवतात, म्हणून सगळं परदेशी गेलं असं म्हणणं चूक ठरेल. पण ज्यांच्या नावाने गळा काढून योजना मंजूर करून घेतली, ते पहिल्या नंबरावर नव्हते.

पर्यावरणाचं गणितही मायलेजच्या फरकावर बांधल्यामुळे वाकडं झालं. वर्षाला 20,000 किलोमीटर धरू. 14 मैलांची गाडी देऊन 23 मैलांची घेतली तर फरक 9 मैलांचा, म्हणून 3,500 डॉलर, आणि बचत वर्षाला सुमारे 1,300 लीटर पेट्रोल. 18 मैलांची देऊन 28ची घेतली तर फरक 10 मैलांचा, म्हणून 4,500 डॉलर, आणि बचत सुमारे 930 लीटर. कमी पेट्रोल वाचवणाऱ्याला हजार डॉलर जास्त. गॅलनमागे मैल मोजण्याऐवजी ठरावीक अंतराला लागणारं इंधन मोजलं असतं तर हे झालं नसतं. युरोपात 100 किलोमीटरमागे लीटर मोजतात, तेव्हा हे शहाणपण काही दुर्मीळ नव्हतं. ली, लिन आणि स्पिलर यांच्या हिशेबाने एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवायला 92 ते 288 डॉलर पडले, तेही इतर प्रदूषण घटल्याचं श्रेय दिल्यानंतर.

बचावाची बाजू

ब्रुकिंग्ज संस्थेच्या टेड गेयर आणि एमिली पार्कर यांनी 2013मध्ये सगळं एकत्र तपासलं. त्यांच्या अंदाजाने एका रोजगारामागे 14 लाख डॉलर लागले, बेरोजगार भत्ता वाढवण्यासारख्या पर्यायांपेक्षा कित्येक पट जास्त. हा आकडा टीकाकार फडकवतात, पण तो ‘सरकारी खर्च कधीच चालत नाही’ याचा पुरावा नाही. तो ‘हा खर्च चालला नाही’ याचा पुरावा आहे, आणि त्याच तक्त्यात दुसरे सरकारी खर्च यापेक्षा कितीतरी बरे ठरले आहेत.

समर्थकांचा खरा युक्तिवाद असा, की मागणी पुढे ओढली तर बिघडलं कुठे? मंदीत कारखाने रिकामे, कामगार घरी. पुढच्या वर्षीची खरेदी या वर्षी झाली तर रिकामी यंत्रं चालतील आणि पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था सावरली की खड्डा जाणवणार नाही. तत्त्व म्हणून हे चुकीचं नाही. पण त्यात एक अट दडलेली आहे. खड्डा पडेल तेव्हा अर्थव्यवस्था सावरलेली असली पाहिजे. ऑगस्ट 2009मध्ये अमेरिकी बेरोजगारी 9.6 टक्के होती. उसनी मागणी फेडून झाली त्या मार्च 2010मध्ये ती 9.9 टक्के होती. उसनवारी एका मंदीच्या महिन्यातून दुसऱ्या मंदीच्या महिन्याकडे झाली.

सगळं संशोधन एका बाजूला नाही. डॅनियल ग्रीन, ब्रायन मेल्झर, जोनाथन पार्कर आणि आर्सेनिस रोहास यांना योजनेमुळे झालेली खरेदी पाच लाखांच्या आसपास आढळली, मियाँ-सूफींपेक्षा बरीच जास्त. त्यांच्या अभ्यासातला कामाचा भाग वेगळा आहे. सूट गाडीच्या किमतीतून जागच्या जागी वजा होत होती, त्यामुळे तिने डाउन पेमेंटचं काम केलं. हातात रोख नसलेल्या घरांना नेमका तोच अडसर होता. ज्यांच्या खटाऱ्यावर अजून कर्ज बाकी होतं, त्यांना मात्र ते आधी फेडल्याशिवाय गाडी मोडीत देता येत नव्हती, म्हणजे सवलतीतली रोकड तिथेच जिरत होती. त्या घरांनी पात्र असूनही योजनेकडे पाठ फिरवली. रक्कम तीच, गाडी तशीच, पण पैसा कोणत्या क्षणी कोणाच्या हातात पडतो एवढ्यावरून खरेदी व्हायची किंवा थांबायची. ऑगस्टअखेरच्या सरकारी निवेदनात रोजगारांचा आकडा होता, मायलेजची सरासरी होती, सर्वाधिक खपलेल्या गाड्यांची यादी होती. कर्ज बाकी असल्याने किती घरं दारातून परत गेली, याचा रकाना त्यात नव्हता.